एमबीबीएसची सीट लागली, पण कॉलेज सुरू व्हायच्या आधी काय काय करायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॅप म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या राउंडची सिलेक्शन लिस्ट लागली की घरात पेढे येतात आणि त्याच संध्याकाळी मला मेसेज यायला सुरुवात होते. दादा जातीची व्हॅलिडिटी नाहीये चालेल का, दादा आधारवर नाव वेगळंय, दादा डीडी कुणाच्या नावाने काढायचा. मी महाराष्ट्रातल्याच एका सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलंय आणि ॲडमिशनच्या दिवसांत ज्युनियरांच्या हेल्पडेस्कवर बसायचो, त्यामुळे हे प्रश्न जवळपास पाठ झालेत. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

हे मुख्यतः स्टेट सीईटी सेलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी आहे, ऑल इंडियाचा १५ टक्के कोटा एमसीसीकडून म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून भरतात, त्यात जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलंय. तारखा आणि फॉर्मचे नमुने दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून शेजारी ठेवा आणि मगच वाचा. ते शंभरेक पानांचं असतं म्हणून कुणी वाचत नाही, आणि मग युट्यूबवर कोण काय म्हणालं ते मला सांगतात.

सीट लागली म्हणजे ॲडमिशन झालंच ना?

नाही. यादीत नाव येणं म्हणजे फक्त अलॉटमेंट. दिलेल्या मुदतीत कॉलेजला स्वतः जाऊन हजर व्हायचं, ओरिजिनल कागद तपासून घ्यायचे, फी भरायची, आणि कॉलेजने ऑनलाइन तुमचं नाव जॉइन म्हणून टाकलं की मग ॲडमिशन. ती ऑनलाइन एंट्री झाल्याचा प्रिंट हातात घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका, क्लार्क म्हणाला "होऊन जाईल, तुम्ही जा" तरी बसून राहा. मुदत पाच-सहा दिवसांचीच असते आणि त्यातही मध्ये रविवार किंवा सुट्टी येते. सीट एकदा लागली की ती मार्कांमुळे जात नाही, गेली तर कागदामुळे जाते, आणि कागद पाच दिवसांत तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. सगळा घोळ या एका गोष्टीचा आहे.

नेमके कुठले कागद लागतात ते एकदा सांग ना.

सगळ्यांना लागणारे: नीटचं ॲडमिट कार्ड आणि स्कोअरकार्ड, कॅपच्या ऑनलाइन फॉर्मचा प्रिंट, अलॉटमेंट लेटर, दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, ज्युनियर कॉलेजचा टीसी म्हणजे आपला एलसी, डोमिसाइल, राष्ट्रीयत्वाचा पुरावा, आधार, मेडिकल फिटनेस आणि पासपोर्ट फोटो भरपूर. राष्ट्रीयत्वासाठी वेगळा कागद काढायची गरज बहुतेकांना पडत नाही, कारण तहसीलमधून मिळणारा दाखलाच "वय, अधिवास व राष्ट्रीयत्व" असा एकत्र असतो, नाहीतर पासपोर्ट चालतो, एलसीवर भारतीय लिहिलेलं असेल तर तेही चालतं.

सीबीएसई किंवा आयसीएसईमधून आलेल्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट पण लागतं, कारण पुढे एमयूएचएस म्हणजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे एलिजिबिलिटीला ते जातं. सीबीएसईचं डिजिलॉकरवर मिळतं, त्यासाठी शाळेत चकरा मारू नका.

बाकी ज्याच्या त्याच्या कॅटेगरीप्रमाणे: जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), दिव्यांग, डिफेन्स, डोंगरी भाग, सीमाभाग, अनाथ, अल्पसंख्याक.

प्रत्येकाच्या झेरॉक्सचे निदान तीन सेट करा, सेल्फ अटेस्टेड, आणि सगळं स्कॅन करून मेलवर पण टाकून ठेवा.

वयाची अट काय आहे? माझी मुलगी डिसेंबरची आहे.

ॲडमिशनच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण पाहिजेत. डिसेंबरची असेल तरी बसते. बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीवला ४० टक्के पाहिजेत, इंग्रजी पास पाहिजे. नीटला भरपूर मार्क आणि बारावीला पीसीबी ४८ टक्के असा ओपनचा पोरगा दरवर्षी एखादा निघतोच, त्याला काही करता येत नाही.

जात वैधता प्रमाणपत्र नाहीये, फक्त जातीचा दाखला आहे. चालेल का?

हा नंबर एकचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात राखीव सीटवर ॲडमिशन घ्यायचं तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, तो तपासून खरा असल्याचं समितीने दिलेलं वैधता प्रमाणपत्र लागतं. एससी, ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जात पडताळणी समिती आहे, एसटीसाठी आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या समित्या आहेत. व्हॅलिडिटी नसेल तर तुम्हाला ओपनमध्ये धरतात, म्हणजे ओबीसीच्या कटऑफला लागलेली सीट ओपनच्या कटऑफवर टिकेल का, ते तुम्हीच बघा.

काही वर्षी सरकारने अर्जाची पावती दाखवून ॲडमिशन द्या आणि व्हॅलिडिटी नंतर काही महिन्यांत आणून द्या अशी सवलत दिलीये. पण ती त्या त्या वर्षी जीआर निघाला तरच असते. यंदा पण निघेल, असं धरून बसणं म्हणजे पावसाच्या भरवशावर दुबार पेरणी करण्यासारखंच आहे.

खरं तर हा अर्ज अकरावी-बारावीतच करायचा असतो. सायन्सला असताना ज्युनियर कॉलेजमधून प्रिन्सिपलचं पत्र घेऊन ऑनलाइन फॉर्म भरायचा, प्रिंट आणि कागद समितीकडे जमा करायचे. कॉलेजवाले अकरावीत एकदा नोटीस लावतात, ती पोरं वाचत नाहीत, क्लासच्या टेस्टचं टाइमटेबल तेवढं वाचतात.

पुरावा काय लागतो तर वडिलांकडच्या बाजूचा. वडील, आजोबा, चुलते, आत्या यांच्या शाळेच्या नोंदी, जन्ममृत्यू नोंदी, महसुली कागद, आणि सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. नोंद जितकी जुनी तितकी चांगली आणि त्याला मानीव तारखा ठरलेल्या आहेत: एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विजाभजसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे त्या तारखेच्या आधी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात होतं आणि जात तीच होती हे दाखवायचं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चुलत आजोबांचं नाव शोधा, कोतवाल बुक म्हणजे गावची जुनी जन्ममृत्यूची नोंदवही बघा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज द्या. गावची शाळा जिल्हा परिषदेची असेल तर मुख्याध्यापक बहुतेक वेळा मदत करतात, पण मे महिन्यात शाळा बंद असते हे लक्षात ठेवा.

वडिलांची किंवा सख्ख्या चुलत्याची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर काम खूप सोपं होतं. घरात आधी विचारा. कित्येकदा चुलत्याने नोकरीसाठी काढलेली असते आणि वाटणीवरून बोलणं बंद असतं म्हणून कुणी मागायला जात नाही. जा बाबांनो, मागा, सहा महिने वाचतात.

नॉन क्रीमी लेयर आणि व्हॅलिडिटी एकच ना?

अजिबात नाही. व्हॅलिडिटी जातीची, ती एकदाच निघते आणि आयुष्यभर चालते. नॉन क्रीमी लेयर उत्पन्नाच्या गटाचा दाखला आहे, त्याला मुदत असते. एससी एसटीला तो लागत नाही. ओबीसी, विजाभज, एसबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) यांना लागतो. मर्यादा ८ लाखांची आणि सलग तीन वर्षांचं बघतात. ज्या शैक्षणिक वर्षात ॲडमिशन घेताय त्याच्या शेवटच्या ३१ मार्चपर्यंत तो व्हॅलिड पाहिजे, मागच्या मार्चला संपलेला घेऊन येणारे खूप असतात. कपाटात आहे म्हणून निवांत राहू नका, आजच काढून खालची तारीख वाचा.

ऑल इंडिया कोट्यात पण हाच दाखला चालतो का?

इथे बरेच जण फसतात. एमसीसीला ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात, आपला राज्याचा नमुना चालत नाही. आणि ओबीसीसाठी तुमची जात केंद्राच्या यादीतही असायला पाहिजे. एसईबीसी ही आपल्या राज्याची कॅटेगरी आहे, तिकडे ती नाहीच. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला उत्पन्नासोबत मालमत्तेची पण अट आहे, ५ एकर किंवा जास्त शेतजमीन, १००० चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट असेल तर मिळत नाही. उलट केंद्राच्या ओबीसीला आपली पडताळणी समितीची व्हॅलिडिटी मागत नाहीत. दोन्हीकडे फॉर्म भरायचा असेल तर दोन्ही नमुने एकाच वेळी सेतूत टाका, एकाच चकरेत होतं.

दहावी गुजरातला झाली, बारावी पुण्यात. डोमिसाइल आहे. राज्य कोटा मिळेल का?

साधारण नियम असा की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि वर डोमिसाइल. केंद्र सरकारच्या, राज्य सरकारच्या बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यांची मुलं, सैनिकांची मुलं, सीमाभागातली मुलं यांना अपवाद आहेत आणि प्रत्येक अपवादाचा वेगळा कागद लागतो. वडील खासगी कंपनीत होते आणि बदली झाली, हे अपवादात येत नाही. दरवर्षी यावर लोक हायकोर्टात जातात, पण त्या भरवशावर प्लॅन करू नका, ऑल इंडियाचा आणि डीम्ड म्हणजे अभिमत विद्यापीठांचा फॉर्म भरून ठेवा.

मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. नीटवर वडिलांचं नावच नाही. रिजेक्ट करतील का?

आडनाव आधी की नंतर याला कुणी काही म्हणत नाही, महाराष्ट्र बोर्डाच्या सगळ्यांचंच तसं असतं. अडचण येते ती स्पेलिंगची. वडिलांच्या नावात एकीकडे राव आहे एकीकडे नाही, आईचं नाव एका कागदावर माहेरचं, कुठे वैशाली कुठे वैशालीताई. असं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. मुलाचं स्वतःचं नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे धरतात, बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं. आधार दुरुस्तीला टाकायचं असेल तर सीट लागायच्या आधी टाका, ॲडमिशनच्या आठवड्यात टाकू नका, कारण मध्येच ओटीपी आणि केवायसीचा गोंधळ झाला तर स्कॉलरशिपचा फॉर्म अडकतो.

दाखले काढायला लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतात. तहसीलबाहेरचा टेबलवाला पाचशेचा स्टॅम्प लागतोच म्हणाला तर हे त्याला सांगून बघा. सरकारी सेवेच्या बॉण्डचं (त्याबद्दल पुढे लिहिलंय) मात्र वेगळं आहे, तो स्टॅम्पवरच होतो.

दोन वर्षं रिपीट केलं. गॅप सर्टिफिकेट कुठून आणायचं?

कुठूनही आणायचं नाही, स्वतःच प्रतिज्ञापत्र करायचं की बारावीनंतर अमुक ते अमुक काळात दुसरीकडे कुठेही ॲडमिशन घेतलं नव्हतं, नीटची तयारी करत होतो. मध्ये बीएस्सी किंवा बीएएमएसला नाव घातलं होतं तर ते खोटं लिहू नका, तिथून टीसी काढून आणा. त्या कॉलेजकडे तुमचा ओरिजिनल एलसी असतो, आणि तो सुटायला ते कॉलेज किती दिवस लावेल ते त्यांच्या मनावर असतं. बीएएमएस, बीडीएस सोडून येणाऱ्यांनी ते कॅन्सल करायची पद्धत आणि फीचा नियम आधीच विचारून घ्यावा.

मेडिकल फिटनेसमध्ये काय बघतात? मला चष्मा आहे आणि रंग नीट ओळखता येत नाहीत.

चष्म्याचं काही नाही, अर्धा वर्ग चष्मेवाला असतो. रंगांधळेपणामुळे पण ॲडमिशन अडत नाही, तो प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय. माहितीपत्रकात फिटनेसचा छापील नमुना असतो, तोच प्रिंट काढून रजिस्टर्ड डॉक्टरकडून भरून घ्या, सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर तिन्ही दिसले पाहिजेत. फॅमिली डॉक्टरच्या लेटरहेडवर "ही इज फिट" असं लिहून आणलेलं परत पाठवतात. दमा, फिट्स, डायबिटीस असं काही असेल तर लपवू नका, पुढे हॉस्टेलवर रात्री अटॅक आला तर रूममेटला आणि वॉर्डनला माहीत असलेलं बरं.

दिव्यांग कोट्यासाठी जिल्हा रुग्णालयाचं सर्टिफिकेट आहे, पुरेल का?

नुसतं तेवढं पुरत नाही. यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र लागतंच आणि एमबीबीएससाठी ठरवून दिलेल्या केंद्रावर वेगळी तपासणी असते. मुंबईत हाजी अलीची संस्था आणि जेजे ही त्यातली नेहमीची नावं, पण त्या वर्षीची यादी बघूनच जा. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं की नुसता टक्का ४० च्या वर गेला म्हणून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो विद्यार्थी कोर्स प्रत्यक्ष करू शकतो का हे बोर्डाने बघायला पाहिजे. त्यामुळे आधी कुणी घाबरवलं असेल तरी तपासणीला जा. अपॉइंटमेंट लवकर घ्या, लिस्ट लागल्यावर तिथे झुंबड उडते.

लसी घ्याव्या लागतात का? लहानपणी सगळ्या झाल्यात.

ॲडमिशनच्या टेबलावर कुणी लसीचं कार्ड मागेलच असं नाही, म्हणून लोक हे सोडून देतात. माझं मत विचाराल तर या सगळ्या यादीत तुमच्या जिवाशी संबंध असलेली ही एकच गोष्ट आहे, बाकी सगळं ऑफिसचं काम.

हिपॅटायटिस बी पहिली. रक्तातून पसरतो, सुई टोचली की धोका, आणि वॉर्डात गेल्यावर कधी ना कधी सुई टोचते. देशभरातल्या सरकारी लसीकरणात ही लस २०११ च्या सुमारास सगळीकडे पोचली, त्यामुळे आता एमबीबीएसला येणाऱ्या बऱ्याच पोरांना लहानपणी सरकारी दवाखान्यात ती मिळालेलीच नसते, आईला वाटतं सगळ्या दिल्या. कार्ड काढून बघा. नसेल तर तीन डोस: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी एचबीएस टायटर म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी करायची, १० च्या वर आला की संरक्षण आहे. काहींना तीन डोस घेऊनही येत नाही, मग परत कोर्स. नीटची परीक्षा दिली की त्याच आठवड्यात पहिला डोस घेतला तर वॉर्डात पाय ठेवायच्या आधी सगळं पूर्ण होतं.

धनुर्वाताचा बूस्टर घेऊन ठेवा. कांजिण्या लहानपणी झाल्या नसतील आणि लसही नसेल तर दोन डोस घ्या, हॉस्टेलवर एकाला आल्या की मजलाच्या मजला आडवा होतो आणि नेमक्या इंटर्नलच्या वेळेला. मेसचं जेवण बघता टायफॉइडची पण घ्या.

फी कशी भरायची? डीडी की ऑनलाइन?

कॉलेजप्रमाणे वेगळं. बऱ्याच सरकारी कॉलेजात अजून डीडी मागतात आणि तो "अधिष्ठाता" म्हणजे डीनच्या नावाने असतो, त्यातही कॉलेजचं पूर्ण नाव आणि कुठे देय ते बरोबर पाहिजे. ट्यूशन फीचा एक, हॉस्टेल डिपॉझिटचा वेगळा असंही असतं. कॉलेजच्या वेबसाइटवर नोटीस टाकलेली असते, ती वाचून मगच बँकेत जा, एका शब्दाने डीडी परत होतो. खासगीची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या यादीतल्या आकड्यापेक्षा वेगळं काही मागितलं तर पावती मागा. पावती देत नसतील तर काय ते समजून घ्या आणि तक्रार करा.

महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा फॉर्म विसरू नका. २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक कोर्सला आलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीच्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, ट्यूशन आणि परीक्षा फीची पूर्ण प्रतिपूर्ती आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. बँक खातं आधारला लिंक पाहिजे, आणि लिंक म्हणजे नुसतं बँकेत आधार दिलेलं नाही तर डीबीटीसाठी एनपीसीआयला त्याच खात्याचं मॅपिंग पाहिजे. बँकेत जाऊन हेच वाक्य म्हणा, त्यांना बरोबर कळतं.

बॉण्ड म्हणजे काय? सही करायला भीती वाटतेय.

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजात शिकलात तर इंटर्नशिप संपल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करायची असं लिहून द्यायचं, नाही केली तर दहा लाख दंड. पगार मिळतो, फुकट नाही. भीती वाटायचं काही कारण नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात एक वर्ष काढलेला माणूस एकटा निर्णय घ्यायला शिकतो. काही जण आत्ताच हिशोब करून ठेवतात की पैसे भरून मोकळं होऊ, त्यांचं त्यांना लखलाभ.

ओरिजिनल कागद कॉलेजकडे ठेवले आणि पुढच्या राउंडला दुसरं कॉलेज लागलं तर?

राउंडमधून अपग्रेड झालात तर कॉलेज कागद सोडतं किंवा पुढे पाठवतं, ती पद्धत ठरलेली आहे. आहे तीच सीट ठेवायची असेल आणि पुढे जायचं नसेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म जॉइन करतानाच भरा. तो न भरता घरी गेलात आणि दुसऱ्या राउंडला वरच्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर पहिली सीट आपोआप जाते, मग "मला तेच पाहिजे होतं" असं म्हणून काही होत नाही. पसंतीक्रम भरताना काकांनी सांगितलं म्हणून चारशे किलोमीटरवरचं कॉलेज वर टाकलं होतं की नाही, ते आठवा.

एकाच वेळी ऑल इंडिया आणि स्टेट अशा दोन सीटा धरून ठेवता येत नाहीत, जॉइन झालेल्यांच्या याद्या एकमेकांकडे जातात. सोडायची तर पोर्टलवरून रिझाइन करून त्याचं लेटर निघालं पाहिजे, नुसता डीनला लिहिलेला अर्ज धरत नाहीत. आणि शेवटच्या मुदतीनंतर सीट सोडली तर डिपॉझिट, फी, दंड हे सगळं लागू होतं.

अँटीरॅगिंगचं शपथपत्र कसलं?

अँटीरॅगिंग डॉट इनवर विद्यार्थ्याचं आणि पालकाचं असं ऑनलाइन भरायचं, मेलवर येतं, ते कॉलेजला द्यायचं. दरवर्षी भरायचं असतं. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असते, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. "इंट्रो" म्हणून रात्री दोनला टेरेसवर बोलावणं हे पण रॅगिंगच.

सेवाग्राम आणि एएफएमसीचे नियम वेगळे आहेत का?

हो, बरेच. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला नवीन बॅचला आधी गांधीजींच्या आश्रमात पंधरा दिवसांचं शिबिर असतं, झाडू मारायचा, प्रार्थनेला बसायचं, खादी घालायची. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये कॉलेज सुरू केलं तेव्हापासूनचा तो रिवाज. ज्यांना हे नाटक वाटतं त्यांनी तो पर्याय भरूच नये. पुण्याच्या एएफएमसीला म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजला नीटनंतर त्यांची वेगळी परीक्षा, इंटरव्ह्यू आणि लष्करी मेडिकल बोर्ड असतं, वर सैन्यात सेवा करण्याचा करार, तिथे उमेदवार अविवाहित पाहिजे. आपलं नेहमीचं फिटनेस सर्टिफिकेट तिथे काही कामाचं नाही.

आधी काय विकत घ्यायचं? स्टेथोस्कोप, पुस्तकं, बोन सेट?

पांढरा पूर्ण बाहीचा ॲप्रन, दोन घ्या, एक धुवायला. डिसेक्शन बॉक्स. बस. स्टेथोस्कोप भारीतला आत्ता घेऊ नका, पहिल्या वर्षी तो फोटोलाच लागतो. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, यांची पुस्तकं सीनियरकडून अर्ध्या किमतीत मिळतात आणि सोबत "हे वाच, हे सोड" अशी मार्जिनमधली अक्कल फुकट मिळते. बोन सेट म्हणजे अभ्यासाच्या हाडांचा संच पण बॅचमागून बॅच फिरत असतो. बायोचे क्लासवाले "प्री एमबीबीएस बॅच" म्हणून जाहिरात करतात, त्याला पैसे घालू नका, त्यापेक्षा झोपा.

तिसऱ्या राउंडला लागलं तर बुडालेलं कसं भरून निघतं?

सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, त्यात प्रथमोपचार, जैवसुरक्षा, कॉम्प्युटर, भाषा असं शिकवतात. राजस्थान-केरळची पोरं "कुठं दुखतंय, किती दिवसांपासून" हे तिथेच घोकतात, आणि विदर्भातला पेशंट "पोट दुखून रायलं" म्हणाला की परत गोंधळतात. हा फाउंडेशन कोर्स बुडाला तर कॉलेज नंतर भरून घेतं. खरा प्रश्न ॲनाटॉमीचा, तिथे तोवर बाकीचे लोक अभ्यासात हात या भागापर्यंत पोचलेले असतात. एका बॅचमेटच्या नोट्स धरा आणि हजेरीवर लक्ष ठेवा, थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते.

कागद तपासणीच्या दिवशी नेमकं काय होतं?

सकाळी साडेनऊला जा. स्टुडंट सेक्शनबाहेर बाकावर आधीच वीसेक पालक फाइल मांडीवर घेऊन बसलेले असतात. आत एकापुढे एक टेबलं: एकावर नीटचं आणि दहावी-बारावीचं बघतात, दुसऱ्यावर जात आणि डोमिसाइल, तिसऱ्यावर फी, मग बॉण्ड आणि शेवटी ऑनलाइन एंट्री. चेकलिस्टच्या क्रमाने कागद लावा, प्लास्टिक फोल्डरमध्ये सुटे ठेवा, स्टेपल करू नका आणि ओरिजिनल लॅमिनेट तर अजिबात करू नका, काही वेळा मागे शिक्का मारायचा असतो. क्लार्क "हा कागद नाही चालत" म्हणाला तर वाद न घालता कुठल्या नियमाने ते विचारा आणि माहितीपत्रकाचं पान उघडून पुढे ठेवा. तरी नाहीच तर ॲडमिशन इनचार्ज प्राध्यापकांना भेटा. साडेबारा ते दोनच्या मध्ये सर्व्हर डाऊन आणि जेवणाची सुट्टी दोन्ही एकदम होतं, डबा बरोबर ठेवा.

हॉस्टेल लगेच मिळतं का?

मुलींना बहुतेक लवकर मिळतं, मुलांना महिना-दोन महिने पण लागू शकतात. तोवर कॉलेजजवळ पीजी बघून ठेवा. स्थानिक पालकाचं पत्र मागतात, गावातला कुणी नातेवाईक किंवा वडिलांचा मित्र बघून ठेवा ज्याने फोन उचलला पाहिजे.

मी एकटा जाऊन ॲडमिशन घेऊ शकतो का? पप्पांना सुट्टी नाहीये.

अठरा पूर्ण झाली नसतील तर नाही, बॉण्डवर आणि हमीपत्रावर पालकाची सही लागते. अठरा झाली असली तरी बॉण्डला जामीनदार मागतात, त्याचं आधार आणि पॅन लागतं. पप्पांना जमत नसेल तर मम्मीला घेऊन जा, दोघांपैकी एक चालतं. फक्त जो येणार त्याची सही आधीच्या प्रतिज्ञापत्रावरच्या सहीशी जुळायला पाहिजे, आणि पॅन कार्ड झेरॉक्स नाही, ओरिजिनल आणायला सांग.